एकट्याचे परदेशगमन आणि कामाचा परवाना



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांना तो या व्यासपीठाला थोडासा परका वाटला असेल. वसंतातल्या या व्याख्यानांत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण, शास्त्रीय शोध हे विषय शोभतात. कामाचा परवाना, करारपत्र, दाखल्यांच्या नकला हे विषय दलालाच्या कचेरीत शोभतात, अशी आपली एक समजूत आहे. आम्हांस वाटते की ही समजूतच घातक आहे. जो विषय सभेत बोलला जात नाही तो दलालाच्या कचेरीतच बोलला जातो, आणि तेथे तो मोल घेऊन बोलला जातो. आज या मंडपात असे घर क्वचितच असेल की ज्याच्या नात्यागोत्यातले कोणी परदेशी नोकरीस नाही किंवा जाण्याच्या खटपटीत नाही. पूर्वी जाणारा बहुधा कोणाच्या तरी आधाराने जाई. काका बोलावी, गाववाला खोली देई. आता मुलगा किंवा मुलगी एकटीच निघते. तिकडे तिला ओळखणारे कोणी नसते; तिला ओळखतो तो फक्त तिच्या पासपोर्टावर लावलेला कागद. म्हणून त्या कागदाचा विचार चार शहाण्या माणसांनी एकत्र बसून करणे अगत्याचे आहे.

आमच्या विवेचनाचे तीन भाग आहेत. परदेशी जाणे हा हक्क आहे की कृपा, हा पहिला प्रश्न. कामाचा परवाना माणसाला नेमका कशाशी बांधतो, हा दुसरा. आणि जाणाराने व त्याच्या घरच्यांनी काय करावे, हा तिसरा.

पहिल्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागेल. कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या तेव्हा त्यांना नुकतेच अठरावे वर्ष संपले होते. काही मिशनरी स्त्रियांची सोबत होती; घरचे मात्र कोणीही बरोबर नव्हते. निघण्यापूर्वी त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस का जातो हे लोकांना समजावून दिले. ते का द्यावे लागले? कारण त्यांच्यापुढचे सारे अडथळे घरचे होते. समुद्र ओलांडल्याने जात जाते, विवाहित स्त्रीने पतीवाचून प्रवास करू नये, परमुलखात धर्म टिकत नाही, ही त्या अडथळ्यांची नावे. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा व्हिसा दाखवा असे त्यांना कोणी म्हटले नाही. तो प्रकारच तेव्हा रूढ झालेला नव्हता. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली.

आज चित्र अगदी उलटे झाले आहे. घरचा उंबरठा आता आडवा येत नाही. उलट पेढे वाटून, हार घालून आपण मुलांना विमानतळापर्यंत पोचवितो. अडथळा गेला तो सरळ पलीकडच्या दारात जाऊन बसला. समाजाने सोडले, पण शासनाने अडविले, अशी ही अवस्था आहे, आणि पलीकडचे शासन हे आपले शासन नव्हे, ही त्यातली मेख आहे.

आपल्या शासनाच्या बाबतीत हा प्रश्न न्यायालयाने सोडविला आहे. १९६७ पर्यंत पासपोर्ट देणे न देणे ही सरकारच्या मर्जीची बाब समजली जाई. त्या वर्षी एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि कायद्यावाचून तो हिरावून घेता येणार नाही. लगोलग त्याच वर्षी पासपोर्टांचा कायदा झाला. पुढे १९७८ साली मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. नुसता कायदा असून भागत नाही, त्या कायद्याची रीत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, असे त्याने बजावले. तेव्हा आपल्या देशातून बाहेर पडणे हा आपला हक्क आहे, याविषयी शंका उरली नाही.

पण हक्काची हद्द येथेच संपते. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या तेराव्या कलमात म्हटले आहे की प्रत्येकाला कोणताही देश, आपला स्वतःचासुद्धा, सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा अधिकार आहे. हे कलम श्रोत्यांनी नीट ध्यानात घ्यावे. सोडण्याचा अधिकार आहे, परतण्याचा अधिकार आहे. दुसऱ्याच्या देशात पोट भरण्यासाठी शिरण्याचा अधिकार मात्र तेथे कोठेही लिहिलेला नाही. घरातून निघण्याचा हक्क आहे, पण शेजाऱ्याच्या घरात शिरण्याचा नाही, असा हा प्रकार आहे. जो एकटा निघतो तो या दोहोंच्या मधल्या अंगणात उभा असतो, आणि त्या अंगणातले ऊनपाऊस त्याला एकट्यालाच सोसावे लागते.

हे पलीकडचे दार कसे उघडते व कसे मिटते, याचा इतिहास बोधप्रद आहे. १९०८ साली कॅनडाने एक नियम केला. आपल्या जन्मदेशातून वाटेत न थांबता, सलग प्रवास करून येईल त्यालाच प्रवेश मिळेल, असा तो नियम होता. त्यात हिंदी माणसाचे नावही नव्हते. परंतु हिंदुस्थानातून कॅनडाला सलग जाणारी बोट मिळू द्यावयाची नाही, अशीही तजवीज झालेली होती. तेव्हा नाव न घेता नेम बरोबर साधला गेला. २३ मे १९१४ रोजी कोमागाता मारू ही बोट ३७६ हिंदी प्रवासी घेऊन व्हँकूव्हरला पोचली. दोन महिने ती बंदरात तिष्ठत राहिली. थोडक्या लोकांना उतरू देण्यात आले आणि बाकीच्यांसह तिला २३ जुलै रोजी परत फिरविण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती कलकत्त्याजवळ बजबज येथे लागली, तेव्हा तेथे गोळीबार होऊन त्यांतले कित्येक प्रवासी प्राणास मुकले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी या गोष्टीबद्दल आपल्या संसदेत माफी मागितली ती मे २०१६ मध्ये, म्हणजे शंभरावर दोन वर्षे उलटून गेल्यावर.

अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियाचा फार मोठा भाग प्रवेशबंदीच्या रेषेत घातला. ब्रिटनचे दार राष्ट्रकुटुंबातील नागरिकांना बराच काळ उघडे होते. १ जुलै १९६२ पासून तेथे चिठ्ठीची पद्धत सुरू झाली. ज्याच्या हाती नोकरी आहे त्याला एक वर्ग, डॉक्टर-परिचारिका यांसारख्या कसबी लोकांना दुसरा, आणि बाकीच्यांना तिसरा. पुढे १९९० साली अमेरिकेने एच-वन-बी हा परवाना काढला आणि त्याची वर्षाची संख्या ६५,००० अशी बांधून दिली. तिकडे उच्च पदवी घेतलेल्यांसाठी नंतर आणखी २०,००० ची भर पडली. या परवान्याने पुण्यामुंबईची किती घरे बदलून टाकली ते आम्ही सांगावयास नको. परंतु त्याच परवान्याच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये एका घोषणेने एक लाख डॉलरांचा आकार बसविण्यात आला. रात्रीत दार किलकिले झाले.

या सगळ्यांतून एकच सिद्धांत निघतो, आणि तो आम्ही सौम्य शब्दांत सांगू इच्छित नाही. कोणत्याही राष्ट्राचे दार परोपकारासाठी उघडत नाही. ते गरजेपुरते उघडते आणि गरज सरली, किंवा गरजेपेक्षा तिथल्या लोकांचा राग वाढला, की मिटते. यात त्या राष्ट्रांना दोष देण्याचे कारण नाही. आपणही तसेच करतो. परंतु जाणाराने हे पुरते ओळखून जावे. तुमच्या गुणांवर लुब्ध होऊन तुम्हांला कोणी बोलावीत नाही. त्यांच्या रुग्णालयात रात्रपाळीला माणूस नाही, म्हणून बोलावितात. ही जाणीव ठेवली म्हणजे मान खाली जात नाही, उलट ताठ होते. कारण गरज दोन्हीकडची आहे हे कळून येते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. कामाचा परवाना माणसाला कशाशी बांधतो? सामान्य समजूत अशी की तो त्या देशात राहण्याचा परवाना आहे. वस्तुतः बहुतेक ठिकाणी, निदान पहिली काही वर्षे, तो एका विशिष्ट मालकाकडे काम करीत असेपर्यंत त्या देशात राहण्याचा परवाना असतो. या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळला त्याला या विषयाचे मर्म कळले.

आपल्या इतिहासात याहून फार भयंकर बंधन होऊन गेले आहे. १८३४ पासून हिंदी मजूर कराराने मॉरिशसला आणि पुढे फिजी, नाताळ, त्रिनिदादला जाऊ लागले. इंग्रजी ‘अॅग्रिमेंट’ शब्दाचे त्यांनी ‘गिरमिट’ केले. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तेथे आजही नांदत आहेत. करार बहुधा पाच वर्षांचा असे. मजुराने काम चुकविले तर ते नुसते काम चुकविणे न राहता गुन्हा ठरे, आणि त्याची सजा तुरुंग असे. या प्रथेविरुद्ध वरिष्ठ कायदेमंडळात आवाज उठविणारे गोपाळ कृष्ण गोखले हे आपलेच. १९१० साली नाताळला मजूर पाठविणे बंद करण्याचा त्यांचा ठराव मान्य झाला. १९१२ साली ही प्रथाच मोडावी हा त्यांचा ठराव मात्र सरकारी मतांनी पडला. १९१७ मध्ये ही भरती अखेर थांबली, तेव्हा ते पाहण्यास गोखले हयात नव्हते.

आजचा परवाना म्हणजे गिरमिट असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि अतिशयोक्तीने कोणाचे भले होत नाही. आजच्या कामगाराला काम सोडल्याबद्दल तुरुंग नाही, वेतनाचा कायदा आहे, न्यायालय आहे, परतीचे विमान आहे. पण जुन्या दोरखंडाचा एक धागा अजून शिल्लक आहे. नोकरी गेली की राहण्याचा आधार जातो, हा तो धागा. अमेरिकेत एच-वन-बी वर असलेल्याची नोकरी सुटली तर त्याला फार तर साठ दिवसांची सवड मिळते. तेवढ्या अवधीत नवा मालक मिळाला तर ठीक, नाहीतर परवान्याचा प्रकार बदलावा किंवा चंबूगबाळे आवरावे. त्याचे घर, त्याच्या मुलांची शाळा, भरावयाचे हप्ते, सगळे त्या साठ दिवसांत मावावे लागते. आखाती देशांत ‘कफाला’ म्हणून पद्धत चालत आली. कफील म्हणजे जामीनदार मालक. त्याच्या संमतीवाचून नोकरी बदलता येत नसे, काही ठिकाणी देशही सोडता येत नसे. कतारने २०२० मध्ये आणि सौदी अरबस्तानाने २०२१ मध्ये ही गाठ बरीच सैल केली, हे सांगणे न्यायाचे आहे. तरीसुद्धा रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतून माणसे वर्षानुवर्षे तिकडे गेली, त्यांना कफील हा शब्द शब्दकोशात पाहावा लागत नाही.

ब्रिटनचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. वृद्धांची व अपंगांची शुश्रूषा करणाऱ्या कामगारांसाठी त्या देशाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दार उघडले आणि २२ जुलै २०२५ रोजी बाहेरून नवी भरती बंद केली. मधल्या तीन वर्षांत जगभरातून माणसे गेली. त्यांतल्या पुष्कळांनी दलालांना मोठमोठ्या रकमा मोजल्या होत्या. तेथे उतरल्यावर काहींना सांगितले गेले की काम इतके नाही; काहींच्या मालकाचा परवानाच सरकारने रद्द केला. अपराध मालकाचा, पण साठ दिवसांत नवा मालक शोधण्याची पाळी कामगारावर! असा माणूस मग मालकाविरुद्ध तक्रार कशी करणार? तक्रार यशस्वी झाली तर मालकाचा परवाना जातो आणि त्यासरशी तक्रारदाराचाही आधार जातो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी बहुधा अशाच प्रसंगी केली असावी.

येथे एकटेपणाचा मुद्दा येतो. चारजण असले तर एकाची नोकरी गेली तरी दुसऱ्याच्या पगारावर महिना निघतो. एकाला भाषा कळली नाही तर दुसरा पत्र वाचून दाखवितो. एकट्याला यातले काही नाही. सरकारी लखोटा आला तर तो त्याने स्वतःच उघडावयाचा, स्वतःच समजून घ्यावयाचा आणि घाबरावयाचेही स्वतःच. घरी दूरध्वनी केला तर आई विचारते, “जेवलास का?” आणि तो सांगतो, “जेवलो.” बाकीचे सांगत नाही. का सांगत नाही? घरच्यांनी जमीन गहाण टाकून पाठविलेले असते म्हणून. परवाना मालकाशी बांधतो हे खरे. परंतु माणसाचे तोंड बांधते ते कर्ज. आमच्या मते या साऱ्या प्रकरणात परवान्यापेक्षाही कर्ज ही मोठी बेडी आहे. हिशेबच मांडून पाहा. समजा, पाच लाख रुपये दरमहा शेकडा तीन व्याजाने काढले. महिन्याचे नुसते व्याज पंधरा हजार झाले. म्हणजे तिकडे पाय ठेवण्यापूर्वीच हा मनुष्य दोन धन्यांचा चाकर झाला, एक तिकडचा मालक आणि एक इकडचा सावकार. अशा माणसाला ‘नको’ म्हणण्याचे सामर्थ्य उरत नाही, आणि ‘नको’ म्हणता न येणारा मनुष्य स्वतंत्र नव्हे.

आता तिसरा भाग. उपदेश हवेत राहू नये म्हणून आम्ही एक देश आणि एक व्यवसाय घेऊन चालतो. देश जर्मनी आणि व्यवसाय परिचारिकेचा. याचे कारण असे की जर्मनीने मार्च २०२० पासून कुशल कामगारांसाठी नवा कायदा अमलात आणला व २०२३-२४ मध्ये तो आणखी सैल केला. डिसेंबर २०२२ मध्ये भारताशी ये-जा विषयक करार केला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांच्या व्हिशांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. आपल्या राज्य शासनानेही २०२४ साली तेथील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाविषयी करार केलेला आहे. तेव्हा हे दार सध्या उघडलेले आहे, आणि त्यातून आपली मुले जाणार आहेत.

समजा, लातूरकडची एक मुलगी आहे. परिचर्येचे शिक्षण झाले आहे, चार वर्षे रुग्णालयात काम केले आहे, अविवाहित आहे आणि एकटीच जाणार आहे. तिच्यापुढे पहिली पायरी भाषेची. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता हवी तर बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेची बी-टू ही पातळी लागते. ही पातळी दोन महिन्यांत येत नाही. मन लावून शिकणाऱ्याला साधारण वर्ष, पुष्कळदा त्याहून अधिक लागते. जो दलाल दोन महिन्यांचे आश्वासन देतो त्याला भाषाही कळत नाही आणि लाजही वाटत नाही, असे समजावे.

दुसरी पायरी शिक्षणाच्या मान्यतेची. जर्मनीत ही मान्यता प्रत्येक राज्याचे कार्यालय निराळी देते. तेथे अभ्यासक्रमाचे विषय, तास, प्रात्यक्षिके, अनुभवाचे दाखले, या सर्वांची अधिकृत भाषांतरे पाठवावी लागतात. उत्तर पुष्कळदा असे येते की तुमचे शिक्षण काही बाबतींत कमी पडते. ती उणीव तेथे येऊन पूरक शिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढा. हे पत्र वाचून मुली रडतात. रडण्याचे कारण नाही. हे पत्र म्हणजे नकार नव्हे, ती वाट आहे. पण त्या वाटेवर असेपर्यंत तिला पुरी परिचारिका म्हणून नव्हे, मदतनीस म्हणून काम करावे लागते आणि वेतनही मदतनिसाचे मिळते. दलाल जो आकडा सांगतो तो पुऱ्या परिचारिकेचा असतो. शिवाय तो कर व विमा वजा जाण्यापूर्वीचा असतो. हातात येतो तो आकडा निराळा. हे दोन फरक ज्या घराने आधी समजून घेतले त्या घरात पुढे भांडण होत नाही.

तिसरी पायरी कराराची. करारात सहा गोष्टी पाहाव्या. वजावटीनंतर हाती वेतन किती. आठवड्याचे तास किती. मान्यता मिळण्यापूर्वी व नंतर हुद्दा कोणता. राहण्याच्या खोलीचे भाडे कोण देणार. नोकरी सोडावयाची तर किती दिवसांची सूचना. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ठरावीक मुदतीपूर्वी सोडल्यास भरतीचा व भाषावर्गाचा खर्च परत मागण्याचे कलम आहे काय. हे शेवटचे कलम बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. ते वाचल्यावाचून सही करू नये, आणि आपल्याला कळणाऱ्या भाषेत प्रत मिळाल्यावाचून तर मुळीच करू नये. जर्मनीत परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी सरकारमान्य मुद्रा आहे. ती ज्या संस्थेजवळ आहे तिला भरतीचा खर्च उमेदवाराकडून घेता येत नाही, तो मालकाने द्यावयाचा असतो. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९९७ च्या आपल्या १८१ क्रमांकाच्या करारातही मुख्य तत्त्व हेच सांगितले आहे की नोकरी मिळवून देण्याबद्दल संस्थेने कामगाराकडून पैसे घेऊ नयेत.

चौथी पायरी तिथे पोचल्यावरची. घराचा पत्ता नगरकार्यालयात नोंदविणे, आरोग्यविमा, बँकेचे खाते, आणि मग परदेशी नागरिकांच्या कचेरीतून राहण्याचा परवाना. या परवान्यासोबतच्या कागदावर पुष्कळदा मालकाचे नाव व कामाचा प्रकार लिहिलेला असतो. तो कागद तिने स्वतः वाचावा. नोकरी मुदतीपूर्वी सुटली तर त्या कचेरीला दोन आठवड्यांच्या आत कळविणे हे कामगाराचे कायदेशीर कर्तव्य आहे. भीतीने गप्प बसणे हाच तेथे मोठा धोका होतो. कळविले म्हणजे बहुधा नवी नोकरी शोधण्यास मुदत मिळते. लपविले म्हणजे साधी अडचण अपराधात रूपांतर पावते. परदेशातून आलेल्या कामगारांना कामाच्या कायद्याचा मोफत सल्ला देणारी केंद्रेही त्या देशात आहेत. १ जानेवारी २०२६ पासून परदेशातून माणूस आणणाऱ्या मालकाने त्याला या सल्ल्याची माहिती कामाच्या पहिल्या दिवशीच देणे बंधनकारक झाले आहे.

आणि या वाटेला शेवट आहे, हेही सांगितले पाहिजे. मान्यता मिळालेल्या कुशल कामगाराला साधारण तीन वर्षांनंतर, भाषा आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी या अटी पुऱ्या केल्यास, कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. मालकाशी बांधणारा तो धागा त्या दिवशी तुटतो. म्हणून पहिली तीन वर्षे ही पैसे साठविण्याची नव्हेत, मोकळे होण्याची वर्षे आहेत, असे आम्ही प्रत्येक जाणाऱ्याला सांगू. त्या काळात घरच्यांनी घर बांधण्याचा, लग्नाचा, जमिनीचा तगादा लावला तर ते आपल्याच लेकराच्या पायातली बेडी जड करीत आहेत, हे त्यांनी समजावे.

ज्यांचे शिक्षण कमी आहे आणि जे आखाताकडे जातात त्यांच्यासाठी दोन शब्द. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर उत्प्रवास तपासणीचा शेरा असतो, आणि अठरा देशांत नोकरीला जाताना त्यांना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये संरक्षकाच्या कार्यालयाची मंजुरी लागते. लोक या मंजुरीला कटकट समजतात आणि पर्यटक म्हणून जाऊन ती चुकवितात. असे करणे म्हणजे पावसात छत्री जड होते म्हणून फेकून देण्यासारखे आहे. त्या मंजुरीपायी करारावर सरकारची नजर पडते, दहा लाख रुपयांचा विमा मिळतो, आणि दलाल नोंदलेला आहे की नाही हे कळते. नोंदलेल्या दलालालाही तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेण्याचा अधिकार नाही. ज्याने दोन लाख मागितले त्याने कायदा मोडला, एवढे तरी गावोगाव माहीत व्हावयास हवे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका नाही, आणि तुम्ही तिला जर्मनीची वाट दाखविता, हा कोठला देशाभिमान? आमचे उत्तर असे. माणसाला घरी ठेवण्याचा एकच सभ्य मार्ग आहे, तो म्हणजे घरी त्याला योग्य वेतन व मान देणे. तो न देता दाराला कडी घालणे हे गोखल्यांच्या देशाला शोभणारे नाही. जो जातो तो देशद्रोह करीत नाही, आणि जो राहतो तो काही उपकार करीत नाही. दोघेही काम करून जगू पाहतात. मात्र समाजाने जाणाऱ्याकडून एका गोष्टीची अपेक्षा जरूर करावी. जो एकटा जाऊन पाय रोवतो, त्याने मागून येणाऱ्याला माहिती विकू नये, द्यावी. ज्या दिवशी प्रत्येक परदेशी शहरात आपले पत्र वाचून दाखविणारा एक जुना माणूस नव्या माणसाला भेटेल, त्या दिवशी दलालाचा धंदा निम्मा बसेल.

उरलेला निम्मा बसविण्याचे काम इकडचे आहे. आमची या व्यासपीठावरून तीन मागण्यांची सूचना आहे. प्रत्येक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आणि परिचर्या महाविद्यालयात करारपत्र वाचावयास शिकविणारा एक छोटा अभ्यासक्रम असावा. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी, आठवड्यातून एक दिवस का होईना, मोफत करार तपासून देणारी सोय असावी. निवृत्त वकील, शिक्षक व परतून आलेले लोक हे काम आनंदाने करतील. आणि भाषावर्गासाठी बँकांनी माफक व्याजाने कर्ज द्यावे, म्हणजे शेकडा तीनच्या सावकाराकडे जावे लागणार नाही. या तीनही गोष्टींना फार पैसा लागत नाही, लक्ष लागते.

आणि जी मुले-मुली येथे समोर बसली आहेत, त्यांना उद्देशून शेवटचे. निघा, भिऊन राहू नका. परंतु निघताना चार वस्तू बरोबर असू द्या: स्वतः वाचलेला करार, कर्जाचा बोजा नसलेले मन, त्या देशाची पोटापुरती भाषा, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे. ही चौथी वस्तू सर्वांत मोलाची. परत येण्याची ऐपत ज्याच्या खिशात आहे तोच तेथे मानाने राहू शकतो. त्याला मालक ओरडून बोलत नाही, आणि बोलला तरी त्याची झोप उडत नाही. आणि ज्या आईबापांची मुले निघाली आहेत त्यांना आमची एवढीच विनंती की, “जेवलास का?” या प्रश्नाबरोबर “तुझा परवाना किती दिवसांचा आहे?” हाही प्रश्न विचारीत जा, आणि मुलाने “परत यावेसे वाटते” असे म्हटले तर शेजारी काय म्हणतील याचा विचार न करता “ये” म्हणा. परतण्याचा अधिकार जाहीरनाम्याने दिलेला आहे. तो घरच्यांनी काढून घेऊ नये.